४.९ व्होल्ट : एका चुकलेल्या वाचनाचा इतिहास

लेखकाला स्वतःच्या कृतीचा अर्थ इतरांपेक्षा अधिक कळलेला असतो का, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी अर्धवटच राहतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केल्यापासून त्याला एक ठरीव उत्तरही मिळाले आहे : कृती वाचकाच्या स्वाधीन झाली, की लेखक हा तिच्या अनेक वाचकांपैकी केवळ एक. हे उत्तर ज्यांना रुचत नाही ते पुष्कळदा विज्ञानाकडे बोट दाखवतात. तेथे असा घोळ नसतो, असे त्यांचे म्हणणे. प्रयोग करणाऱ्याला आपण काय दाखवले ते ठाऊक असते आणि आकड्याचा अर्थ एकच असतो. आम्हाला येथे विज्ञानाच्या इतिहासातील अशा एका प्रयोगाची हकीकत मांडायची आहे, की ज्याच्या कर्त्यांनी आकडा अचूक मोजला आणि त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला. पुढे ज्या अर्थामुळे तो प्रयोग अजरामर झाला, तो अर्थ लावला दुसऱ्याच कोणी, आणि तोही दुसऱ्या देशात बसून.

हा प्रयोग म्हणजे जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्‌झ यांचा १९१४ सालचा प्रयोग. विज्ञान शाखेचे आपले विद्यार्थी पदवीच्या प्रयोगशाळेत तो आजही करतात. काचेच्या एका नळीत वायू भरलेला असतो, व्होल्ट हळूहळू वाढवत जायचे, प्रवाह मोजायचा आणि आलेख काढायचा. आलेखाची रेषा चढते, एकदम कोसळते, पुन्हा चढते, पुन्हा कोसळते. त्याखाली जर्नलमध्ये निष्कर्ष लिहायचा : अणूमध्ये ठरावीक ऊर्जापातळ्या असतात हे सिद्ध झाले. पाठ्यपुस्तकातील कथाही तितकीच सुटसुटीत आहे. नील्स बोर यांनी १९१३ साली अणूचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी फ्रँक आणि हर्ट्‌झ यांनी तो प्रयोगाने पडताळून पाहिला. आधी सिद्धान्त, मग पुरावा. सनावळीही या क्रमाला साथ देते. तरीही ही कथा खरी नाही. तिच्यातून जे वगळले गेले, तेच आमच्या दृष्टीने या प्रयोगाचे मर्म आहे.

फ्रँक आणि हर्ट्‌झ हे दोघेही हॅम्बुर्गचे. फ्रँक यांचा जन्म १८८२ चा, हर्ट्‌झ यांचा १८८७ चा. विद्युत्चुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून देणारे हाइनरिख हर्ट्‌झ हे गुस्ताव यांचे काका. बर्लिन विद्यापीठात या दोघा तरुणांनी १९११ पासून एकत्र काम सुरू केले. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता : एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती ऊर्जा लागते? इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला आयन म्हणतात आणि त्या क्रियेला आयनीभवन. तेव्हा प्रश्न आयनीभवनाच्या किमतीचा होता. अणूच्या उत्तेजित अवस्थेचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

त्यासाठी एक रीत आधीच रूढ होती. फिलिप लेनार्ड यांनी ती १९०२ साली वापरली होती. तापलेल्या तारेतून किंवा अन्य रीतीने इलेक्ट्रॉन सोडायचे, त्यांना विजेच्या दाबाने वेग द्यायचा आणि वायूच्या अणूंवर आदळू द्यायचे. पलीकडे धातूचा एक पत्रा ठेवायचा. त्याची विद्युत्स्थिती अशी राखायची, की इलेक्ट्रॉनांना तेथवर पोहोचता येणार नाही, धनभारित आयन मात्र ओढले जातील. पत्र्याकडे धन प्रवाह वाहू लागला, की समजायचे आयन तयार होऊ लागले. आणि ज्या व्होल्टला तो सुरू होतो, ती आयनीभवनाची किंमत. याच मार्गाने फ्रँक आणि हर्ट्‌झ यांनी १९१३ साली हीलियमसाठी २०.५, निऑनसाठी १६ आणि आर्गॉनसाठी १२ व्होल्ट असे आकडे प्रसिद्ध केले. वाचकांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याकडे परत यावे लागणार आहे.

१९१४ साली त्यांनी पाऱ्याची वाफ घेतली आणि नवी, अधिक नाजूक रचना केली. मध्यभागी प्लॅटिनमची तापलेली तार, तिच्याभोवती काही अंतरावर प्लॅटिनमच्या जाळीचा गोल पडदा आणि जाळीच्या अगदी बाहेर, मिलिमीटरभर अंतरावर, इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा. सगळे उपकरण शंभर अंश सेल्सिअसहून थोडे अधिक तापवलेले, म्हणजे नळीत पाऱ्याची पुरेशी वाफ राहते. तार आणि जाळी यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन वेग घेतात. जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये मात्र अर्ध्या व्होल्टचा उलटा दाब. ज्या इलेक्ट्रॉनापाशी निदान एवढी ऊर्जा शिल्लक आहे तोच हा छोटासा उंबरठा ओलांडून पत्र्यावर पोहोचणार. ही अट या प्रयोगाची खरी कल्पकता. टक्कर डोळ्यांना दिसत नाही; पण टक्कर झाल्यावर इलेक्ट्रॉनाच्या गाठीशी काही उरले की नाही, एवढे या उंबरठ्यावर कळते.

व्होल्ट वाढवत नेले तसा प्रवाह वाढत गेला. याचा अर्थ असा, की पाऱ्याच्या अणूंवर असंख्य वेळा आदळूनही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जवळपास शाबूत राहत होती. पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ३ लाख ६५ हजार पट जड. कातळावर गोटी आपटावी तसा इलेक्ट्रॉन दिशा बदलून परततो, कातळ हलत नाही. अशा टक्करीत इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा गमावतो, असे त्या काळी पुष्कळांनी गृहीत धरलेले होते. ते गृहीत येथेच मोडले. मात्र व्होल्ट ४.९ वर पोहोचताच प्रवाह एकदम कोसळला. तो पुन्हा चढू लागला, आणि ४.९ च्या दुपटीला पुन्हा कोसळला, तिपटीलाही तेच. ४.९ च्या खाली अणू काहीच घेत नव्हता; ४.९ भरले, की बरोबर तेवढेच घेत होता. कमी देऊ केले तर नको, जास्त देऊ केले तर वरचे परत. २४ एप्रिल १९१४ रोजी हे निष्कर्ष जर्मन भौतिकी परिषदेपुढे वाचले गेले.

मे महिन्यात दुसरा निबंध आला. पाऱ्याची वाफ २५३.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश विशेष उत्कटतेने शोषते आणि सोडते, हे ठाऊक होते. प्लँक यांच्या पुंजाच्या हिशोबाने या प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा जवळपास ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच येते. फ्रँक आणि हर्ट्‌झ यांनी क्वार्ट्‌झची नळी बनवली, कारण साध्या काचेतून हा प्रकाश पार होत नाही. व्होल्ट ४.९ च्या खाली असताना नळी अंधारी राहिली, ४.९ ओलांडताच नेमकी ती एक रेषा वर्णपटाच्या छायाचित्रात उमटली. अणूने घेतलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडत होती. आज मागे वळून पाहताना वाटते, की आता सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. अणू एका पातळीवरून वरच्या पातळीवर गेला, तेथे क्षणभर राहिला, मूळ पातळीवर परतला आणि येताना घेतलेली किंमत प्रकाशाच्या रूपाने चुकती केली.

पण त्यांनी असे वाचले नाही. त्यांच्या पहिल्या निबंधाचे शीर्षकच सांगते, की हा निबंध इलेक्ट्रॉन आणि पाऱ्याच्या वाफेचे रेणू यांच्या टकरींविषयी आणि त्या वाफेच्या आयनीभवनाच्या व्होल्टविषयी आहे. म्हणजे ४.९ हा आकडा त्यांच्या लेखी आयनीभवनाचा होता. प्रकाश दिसला तेव्हाही त्यांनी तो अर्थ सोडला नाही, त्यात थोडी जागा केली एवढेच : काही टकरींत अणूचा आयन होतो, काही टकरींत तीच ऊर्जा प्रकाश बनते. बोर यांच्या नावाचा उल्लेखही या निबंधांत नाही, मग त्यांचा सिद्धान्त पडताळणे दूरच.

याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण न्याय्य नाही. प्लँक यांचा पुंज त्यांना चांगला ठाऊक होता, त्यांचा हिशोब त्यावरच उभा होता. तीन वर्षे ते आयनीभवनाची किंमत मोजत आले होते. प्रश्न तोच होता, म्हणून उत्तरही त्याच प्रश्नाचे वाटले. शिवाय त्यांच्यापाशी पुरावाही होता. लेनार्ड यांच्या रीतीने पाहिले, तरी पत्र्याकडे जाणारा धन प्रवाह ४.९ व्होल्टलाच सुरू होत होता. आयन तयार होत नसतील, तर हा प्रवाह कुठून येतो? पूर्वग्रहाला पुराव्याची साथ मिळाली, की तो पूर्वग्रह वाटेनासा होतो. वाचनाच्या व्यवहारात आपल्यालाही याचा अनुभव पुष्कळ आहे. एखाद्या कवितेत आपण जे शोधायला निघालो ते सापडते, आणि सापडले हीच त्याची सिद्धता वाटू लागते.

दुसरे वाचन बोर यांनी केले. १९१४ च्या शरदापासून ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे होते. १९१५ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी सुचवले, की ४.९ हा आयनीभवनाचा आकडा नसावा. तो अणूच्या सर्वांत खालच्या अवस्थेपासून वरच्या एका स्थिर अवस्थेपर्यंतचे अंतर असावा. अणू फुटत नाही, फक्त उत्तेजित होतो. पाऱ्याच्या वर्णपटातील रेषांची मालिका जिथे संपते त्यावरून हिशोब केला, तर इलेक्ट्रॉन पूर्ण उपटायला १० व्होल्टहून थोडे अधिक लागायला हवेत. याच सुमारास टोरांटोच्या मॅक्लेनन आणि हेंडरसन यांनी पाहिले होते, की कमी वेगाच्या इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता पाऱ्याची वाफ केवळ ती एकच रेषा सोडते; वर्णपटातील बाकीच्या रेषा यायला पुष्कळ अधिक व्होल्ट लागतात. ४.९ ला अणू खरोखरच फुटत असता, तर सुटलेला इलेक्ट्रॉन परत येताना वाटेतल्या साऱ्या पातळ्यांवरून उतरला असता आणि सगळा वर्णपट उजळला असता. एकच रेषा येते, याचा अर्थ अणू एकच पायरी चढला होता.

मग तो धन प्रवाह? बोर यांचे त्यावरचे उत्तर या साऱ्या हकीकतीचा गाभा आहे. उत्तेजित अणूंतून निघालेला जंबुपार प्रकाश नळीतल्या धातूच्या पत्र्यावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. हा प्रकाशविद्युत् परिणाम तेव्हा सर्वांना माहीत होता. आता पत्र्यावर एक धन आयन येऊन पोहोचला काय, किंवा पत्र्यातून एक ऋण इलेक्ट्रॉन निघून गेला काय, मापकाच्या काट्याला दोन्ही सारखेच. पाहुणा आल्यामुळे आणि घरचा माणूस गेल्यामुळे जमाखर्चात एकच आकडा पडावा, तशी ही स्थिती. काटा खोटे बोलत नव्हता. पण तो जे सांगत होता त्याचे दोन अर्थ होत होते, आणि प्रयोगकर्त्यांना त्यांतला एकच दिसत होता. श्लेष कवितेतच असतो असे नाही.

बोर यांनी केवळ सुचवून न थांबता प्रयोगही करायचे ठरवले. त्याची कथा त्यांनीच पुढे रदरफर्ड यांच्यावरील स्मृतिव्याख्यानात सांगितली आहे. वॉल्टर मॅकोवर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी क्वार्ट्‌झचे एक गुंतागुंतीचे उपकरण बनवून घेतले. ते घडवणारा कुशल काचकारागीर बाउमबाख हा जर्मन. पहिले महायुद्ध चालू होते. त्याला काम करू द्यावे यासाठी रदरफर्ड यांनी प्रयत्न केले होते. पण रागाच्या भरात तो आपल्या मायदेशाच्या बाजूने असे काही तीव्र बोलत सुटला, की इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला अखेर स्थानबद्ध केले. त्यानंतर एका अपघातात उपकरणाच्या आधाराला आग लागली आणि उपकरण निकामी झाले. ते पुन्हा बनवणारे हात आता जवळ नव्हते. मॅकोवरही सैन्यात दाखल झाले. प्रयोग सोडून द्यावा लागला. जर्मनीत मोजलेल्या एका आकड्याचा अर्थ इंग्लंडमध्ये तपासला जात होता, आणि त्यासाठी लागणारे कसब एका जर्मन कारागिराच्या बोटांत होते. युद्धाने केवळ माणसे मारली असे नाही. त्याने असे कितीतरी धागे मधेच तोडले.

निर्णय शेवटी तिसऱ्याच देशात लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिस आणि गाउचर यांनी १९१७ साली नळीत आणखी एक जाळी बसवली. पत्र्याजवळचा छोटासा विद्युत् दाब उलटा करता येईल, अशी तिची सोय होती. दाबाची दिशा बदलली, की पत्र्यातून आणि जाळीतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह उलटतो. वेगाने येणाऱ्या आयनांवर तेवढ्याने परिणाम होत नाही. येणारा कोण आणि जाणारा कोण, हे प्रथमच वेगळे झाले. पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टला जे दिसत होते ते प्रकाशाचे काम निघाले. खरे आयनीभवन १०.४ च्या आसपास सुरू होत होते. बोर यांचे वाचन बरोबर होते.

या काळात मूळ कर्ते युद्धावर होते. दोघेही फ्रिट्‌झ हाबर यांच्या विषारी वायूच्या तुकडीत होते. हर्ट्‌झ १९१५ साली गंभीर जखमी झाले. बोर यांची दुरुस्ती त्यांनी लगेच मान्य केली नाही. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, त्यांनी एक विस्तृत निबंध लिहिला. मंद इलेक्ट्रॉनांच्या टकरींनी बोर यांच्या अणुसिद्धान्ताला मिळालेली पुष्टी, अशा आशयाचे त्याचे शीर्षक आहे. त्याच वर्षी फ्रँक यांनी पाउल क्निपिंग यांच्यासह हीलियम पुन्हा तपासला. १९१३ साली आयनीभवनाचा म्हणून दिलेला २०.५ चा आकडा प्रत्यक्षात उत्तेजनाचा होता. आयनीभवनाला २४ व्होल्टहून अधिक लागत होते. निऑन आणि आर्गॉनच्या जुन्या आकड्यांचीही गत तीच. म्हणजे चूक एका आकड्यापुरती नव्हती, ती वाचण्याच्या रीतीतच होती. आणि ती खोडण्याच्या कामात फ्रँक यांचा स्वतःचाही हात होता.

पाठ्यपुस्तकातील कथा तयार होते ती येथे. १९१४ चा आकडा आणि १९१९ चा अर्थ, या दोहोंमधली पाच वर्षे गाळून ती एकमेकांना जोडली जातात. मधले सगळेच गळते : मँचेस्टरची आग, टोरांटोची रेषा, न्यूयॉर्कची जाळी आणि दोन प्रामाणिक माणसांची प्रामाणिक चूक. उरते ती सिद्धान्त आणि पुरावा यांची एक नीटनेटकी जोडी.

साहित्याच्या अभ्यासकांनी यावरून काय घ्यावे? लेखक मेला, वाचक जिंकला, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही. फ्रँक आणि हर्ट्‌झ यांचे वाचन चुकले. पण त्यांच्याइतक्या काळजीने कोणी मोजलेच नसते, तर बोर यांना वाचायला काही मिळाले नसते. त्यांनी अणूविषयी कोणतेही मत धरले असते, तरी आलेखाची रेषा ४.९ वरच कोसळली असती. कृती कर्त्याच्या समजुतीपेक्षा मोठी असू शकते, ती अशी. पण म्हणून दोन्ही अर्थ सारखेच, असेही नाही. बोर यांचे वाचन टिकले, कारण त्याला धन प्रवाहही उलगडता आला, एकटी रेषाही उलगडता आली, आणि कोणत्या कसोटीवर आपण खोटे ठरू शकतो हेही त्याने आधी सांगून ठेवले. आमच्या मते चांगल्या समीक्षेकडूनही याहून वेगळी अपेक्षा नसते. नव्या अर्थाने जुन्या अर्थाला नुसते दूर सारायचे नसते; जुना अर्थ लावणाऱ्याला तो खरा का वाटला, तेही उलगडून दाखवायचे असते.

या दुरुस्तीचे मोल केवळ तात्त्विक नव्हते. ४.९ हा आयनीभवनाचाच आकडा राहिला असता, तर अणूची उत्तेजित अवस्था ही कागदावरची कल्पना राहिली असती. आता ती प्रयोगशाळेतली वस्तू झाली. तिच्याकडून काम करून घेता येऊ लागले. १९२२ साली फ्रँक आणि कारिओ यांनी दाखवले, की प्रकाशाने उत्तेजित झालेला पाऱ्याचा अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळला, तर तो रेणू दुभंगतो. रेणूचा बंध तोडायला सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पाऱ्याच्या अणूपाशी ४.९ असतात. म्हणजे इलेक्ट्रॉनाने अणूला दिलेली शिदोरी अणू पुढे रेणूलाही देऊ शकतो. रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो तेव्हा ती उडी इतकी झटपट होते, की जड अणुकेंद्रांना हलायलाही सवड मिळत नाही, हे फ्रँक यांनी १९२५ साली मांडलेले तत्त्व एडवर्ड काँडन यांच्या नावासह आज रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते.

आपल्याकडेही या फरकाची गरज पडली होती. मेघनाद साहा यांनी १९२० साली सूर्याच्या वर्णावरणातील अणूंविषयी जे सूत्र दिले, त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या आयनीभवनाची ऊर्जा घालावी लागते. ती जागा उत्तेजनाच्या आकड्याने भरली, तर ताऱ्यांच्या तापमानाचे सगळे गणित बिघडेल. आणि दूरच्या ताऱ्यांकडे पाहायचे नसेल, तर घरातल्या भिंतीकडे पाहावे. दिव्यांच्या नव्या पिढीने हटवण्याआधी घरोघरी, शाळाशाळांत जी ट्यूबलाइट जळत असे, तिच्यात हाच खेळ चालतो. इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूवर आदळतात, अणू तोच जंबुपार प्रकाश सोडतो, आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्याचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. आपल्यापैकी अनेकांनी समीक्षेची पुस्तके ज्या उजेडात वाचली, त्याची सुरुवात ४.९ पासून होत होती.

१९२५ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक फ्रँक आणि हर्ट्‌झ यांना जाहीर झाले ते १९२६ मध्ये. अणूवर इलेक्ट्रॉन आदळण्याचे नियम शोधल्याबद्दल, असे त्याचे कारण दिले गेले. त्या वेळच्या व्याख्यानात फ्रँक यांना आपल्या चुकीवरून अलगद पुढे जाता आले असते. कोणी विचारले नसते. पण त्यांनी ती स्वतःहून सांगितली. बोर यांच्या सिद्धान्ताचे मूलभूत महत्त्व आपल्याला ओळखता आले नाही, इतके की संबंधित निबंधात आपण त्याचा एकदाही उल्लेख केला नाही, आणि हे आता आपल्यालाच अनाकलनीय वाटते, अशा आशयाचे त्यांचे शब्द आहेत. पुढे १९६० च्या सुमारास एका शैक्षणिक चित्रपटातही, प्रयोग केला तेव्हा आपल्याला तो सिद्धान्त ठाऊक नव्हता, हे त्यांनी सांगितले. ज्यांच्या नावाने खोटी कथा रूढ झाली, तेच ती दुरुस्त करत राहिले, आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांचे ऐकले नाही.

या दोघांचे पुढचे आयुष्य या निबंधाच्या कक्षेबाहेरचे. तरी त्याचा निर्देश टाळता येत नाही. एप्रिल १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढण्याचा कायदा केला. फ्रँक जन्माने ज्यू. पण महायुद्धात लढल्यामुळे त्यांना सूट मिळत होती. १७ एप्रिलला त्यांनी गॉटिंगेनच्या अध्यासनाचा राजीनामा दिला आणि त्याचे कारण वृत्तपत्रातून जाहीर केले. त्यांच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी विद्यापीठातील ४२ जणांनी त्यांचाच निषेध करणारे पत्रक काढले. ज्यांची रीत उचलून हे दोघे पुढे गेले होते ते लेनार्ड या काळात आर्य भौतिकीचा पुकारा करत होते. हर्ट्‌झ यांनाही ज्यू आजोबांमुळे बर्लिनचे अध्यासन सोडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक शिकागोला अणुबाँबच्या प्रकल्पात होते; युद्धानंतर हर्ट्‌झ सोव्हिएत संघात युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या कामावर होते. एकाच निबंधावर नावे असलेली दोन माणसे जगाच्या दोन बाजूंना गेली. जून १९४५ मध्ये फ्रँक यांच्या अध्यक्षतेखालील सात शास्त्रज्ञांच्या समितीने अमेरिकी सरकारला अहवाल दिला : हा बाँब जपानवर अचानक टाकू नये, आधी निर्जन प्रदेशात जगाच्या प्रतिनिधींसमोर त्याचे प्रात्यक्षिक करावे. तो अहवाल मानला गेला नाही.

स्वतःची चूक बोलून दाखवणारा माणूसच पुढे सत्तेलाही तिची चूक दाखवतो, असा सरळ धागा ओढण्याचा मोह येथे होतो. तो आम्ही आवरतो, कारण याच माणसाने पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या तुकडीत काम केले होते. माणसांची आयुष्येही एका वाचनात संपत नाहीत. एवढे मात्र म्हणता येईल, की १९४५ चा तो अहवाल लिहिणाऱ्याला, आपल्या हातून निघालेल्या गोष्टीचा अर्थ आपल्या इच्छेवर अवलंबून नसतो, हे प्रयोगशाळेत एकदा कळून चुकले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि ती भौतिकीच्या शिक्षकांइतकीच साहित्याच्या शिक्षकांनाही आहे. हा प्रयोग शिकवताना १९१४ च्या निबंधाचे शीर्षक आणि १९१९ च्या निबंधाचे शीर्षक फळ्यावर एकाखाली एक लिहावे. पहिल्यात आयनीभवन आहे, दुसऱ्यात बोर आहेत. आकडा दोन्हींत ४.९ हाच आहे. मधल्या पाच वर्षांत पाऱ्याच्या अणूत काहीच बदलले नव्हते. मग बदलले काय, हे विद्यार्थ्यांना विचारावे, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्यावा.